द्राक्षाचंच हाय की

आमच्या भागात वाईनचं दुकान निघालं, तेव्हा पहिला आठवडाभर बायका पलीकडच्या कडेनं जात होत्या, जणू पायरीवर साप बसलाय. मीही त्यांतलीच. आमचं घर लिंगायतांचं. घरात दारू हा शब्दसुद्धा कुणी तोंडातून काढत नसे, 'ते' म्हणायचं. माझ्या धाकट्या भावानं बारा-तेरा वर्षं 'ते' घेतलं, त्यापायी वडिलांची बेकरी बुडाली, आणि तरी आईच्या तोंडून शेवटपर्यंत तो शब्द आला नाही. नाव न घेतल्यानं गोष्ट टळत नाही, उलट ती समोर आली की ओळखू येत नाही, हे मला आता कळतंय. पण हे शहाणपण उशिरा आलेलं आहे आणि त्याचा कुणाला काही उपयोग झालेला नाही.

दुकान चालवणारं जोडपं पन्नाशीचं होतं. नवऱ्याची सगळी नोकरी नाशिककडे वाईनच्या कारखान्यात गेलेली, बायकोचं माहेर कोल्हापूरचं. कसबा बावड्यात नव्या इमारतींच्या रांगेत त्यांनी एक गाळा घेतला. एका बाजूला झेरॉक्स, दुसऱ्या बाजूला पशुखाद्य, मध्ये हे. आत लाकडी फळ्या, त्यावर आडव्या ठेवलेल्या बाटल्या, पिवळे दिवे. देशी नाही, रम नाही, बियर नाही. फक्त वाईन, तीही बहुतेक आपल्याच राज्यातली. आणि दर शनिवारी संध्याकाळी सहाला चार बाटल्या उघडायच्या, भागातल्या दहा-पंधरा लोकांनी टेबलाभोवती उभं राहून घोटभर घोटभर चाखायचं. चिठ्ठीवर एका दिवसाचा परवाना केल्याशिवाय ते कुणाला थेंब देत नसत. तो परवाना, तो शिक्का, ती सही बघून मला ते प्रकरण एखाद्या सरकारी कचेरीसारखं सभ्य वाटायला लागलं. पुरुष त्याला 'शनिवारचा प्रसाद' म्हणायचे.

मी त्यात कशी गेले? ब्रेडमुळे. एक वाईन चाखून झाली की दुसरीच्या आधी तोंड कोरं करायला साधा ब्रेड खातात. दुकानवाल्या बाईंनी आधी बेकरीतला ब्रेड आणून पाहिला. आता कोल्हापुरात ब्रेड कशासाठी असतो? मिसळीच्या कटात बुडवायला. पांढरा, मऊ, जरा गोडसर. कट पिऊन घेणं एवढंच त्याचं काम, आणि ते तो चोख करतो. पण त्या गोडव्यानं वाईनची चव बिघडते म्हणे. कुणीतरी त्यांना सांगितलं, की मागच्या गल्लीत एक बाई घरी ब्रेड करतात, त्यांच्या वडिलांची भट्टी होती. बाई दारात आल्या, मी चहा केला, आणि घरात होता तो ज्वारीचं पीठ घातलेला ब्रेड कापून पुढे ठेवला. दोन तुकडे खाऊन त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "हा शनिवारी द्याल?"

खोटं कशाला बोलू, मी हुरळले. आयुष्यभर माझ्या हातचं सगळ्यांनी खाल्लं आणि पुढचं ताट मागितलं, पण दोन तुकडे खाऊन कुणी गप्प बसलं नव्हतं. आमच्या ह्यांना विचारलं. हे कागलला कारखान्यात पाळीवर जातात, बोलणं मोजकं. "ब्रेडच देणार न्हवं? मग दे की," एवढंच म्हणाले. मीही मनाला तेच सांगितलं, की मी ब्रेड देतेय. पुढे त्याचं काय करतात ते त्यांचं ते बघतील.

शनिवारी पहाटे पीठ भिजवायचं, दुपारी भाजायचं, पाचच्या ठोक्याला टोपलीत फडक्याखाली गुंडाळून न्यायचं. साखर कारखान्याचा हंगाम सुरू असला की आमच्या भागात मळीचा वास भरून असतो, पण शनिवारी दुपारी आमच्या जिन्यात त्यालाही मागे सरावं लागायचं. ज्वारीचा एक, तीळ लावलेला एक, आणि लसणाच्या चटणीचा एक, जो वाईनबरोबर अजिबात जात नाही असं दुकानवाले दर वेळी सांगायचे आणि जो सगळ्यांत आधी संपायचा. एक निवृत्त मास्तर तर फक्त ब्रेडसाठी यायचे. ग्लास हातात धरून शेजारच्याला द्यायचे आणि म्हणायचे, "पावणं, तुमी प्या, तेवढा ब्रेड हिकडं सरकवा." मी कोपऱ्यात स्टुलावर बसून हे सगळं बघायची. एकदा बाईंनी चिठ्ठी करून मलाही घोटभर दिली. चिंचेच्या कोळात लोखंड बुडवल्यासारखी लागली. यासाठी माणसं एवढी मान हलवतात? मला हसू आलं. आणि त्या हसण्यातच मी मनाशी पक्कं करून टाकलं, की हे काही 'ते' नव्हे.

लोक वाढले तसा ब्रेड वाढला, आणि माझे खांदे बोलायला लागले. तेव्हा मला भाऊ आठवला.

खरा हात त्याचा होता. वडील म्हणायचे, हिला मापं कळतात, त्याला पीठ कळतं. कणकेला बोट लावून तो सांगायचा, आज ऊन आहे, अर्धा तास आधी घे. पण भट्टी हातात आली आणि तो देशीच्या दुकानात बसू लागला. बेकरी गेली, भाड्याच्या खोलीत संसार आला, आणि एका सकाळी स्वतःच्या पोरीनं त्याला गटाराच्या कडेवरून उठवून आणलं. त्या दिवसापासून त्यानं सोडली. कुणी बुवा नाही, शपथ नाही, औषध नाही. सहा वर्षं झाली होती. शाळेची व्हॅन चालवायचा. चौदा पोरं, त्यांच्या आया त्याला 'मामा' म्हणायच्या. माझी भावजय पापड लाटून घर भरत होती. तिनं त्या सहा वर्षांत एकदाही त्याचा खिसा तपासला नाही, आणि हे ती अभिमानानं सांगायची.

शनिवारी शाळा लवकर सुटते. मी म्हटलं, दुपारी ये, तेवढं पीठ मळून दे. तो आला. बाह्या सारून परातीपुढे बसला आणि पहिला गोळा आपटला, तेव्हा मला रडू आलं. इतक्या वर्षांनी घरात बेकरीचा आवाज आला होता. तो मात्र ओरडला, "आक्का, मीठ किती घातलंयस गं! माणसं खाणार हाईत का म्हशी?" आम्ही दोघं पोटभर हसलो. त्या महिन्यातल्या शनिवारांइतकी मी आईच्या मागं कधी सुखात नव्हते.

तो माझ्या घरी पीठ मळत होता तोवर ठीक होतं. पण मला मिरवायचं होतं. ही माझी जुनी खोड. पाचव्या शनिवारी मी त्याला म्हटलं, टोपली जड आहे, दुकानापर्यंत चल. टोपली जड नव्हती.

त्या दिवशी गर्दी होती. ज्वारीचा ब्रेड असा फुगला होता, की कापताना वरचा पापुद्रा कडकड वाजत होता. बाईंनी तुकडा वर धरून सगळ्यांना दाखवला आणि विचारलं, "आज काय वेगळं केलंत?" मी म्हटलं, "हात वेगळा हाय. ह्यो माझा भाऊ." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी उठून त्याचा हात हातात घेतला. भाऊ जमिनीकडं बघत होता, कान लाल झाले होते. सहा वर्षांत त्याच्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती. त्याआधी तर नाहीच.

आणि बाईंनी त्याच्या नावाची चिठ्ठी करून एका ग्लासात तळाला पुरेल एवढी लाल वाईन ओतून त्याच्यापुढे धरली. "ह्याबरोबर तुमचा ब्रेड कसा लागतो ते तुम्हालाच कळायला हवं," त्या प्रेमानं म्हणाल्या. त्यांना काय माहीत? कुणालाच माहीत नव्हतं. माहीत होतं ते मला.

त्यानं हात पुढे केला नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी हे शंभर वेळा आठवलंय, आणि दर वेळी त्याचं बघणं तेच आहे: तो विचारत होता. त्याला नको होती. त्याला माझ्याकडून फक्त एक 'नको' हवा होता, म्हणजे त्याला स्वतःला तो म्हणावा लागला नसता. लहानपणी भट्टीच्या दाराशी जायच्या आधी तो असाच माझ्याकडं बघायचा.

सगळी माणसं आमच्याकडं बघत होती. मी नको म्हटलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, का? मग कारण सांगावं लागलं असतं. बेकरी, देशीचं दुकान, गटार. इतक्या चांगल्या माणसांत मी 'ब्रेडवाल्या ताई' झाले होते, तिथं मला दारुड्याची बहीण व्हायचं नव्हतं. माझ्या मनात हे इतकं स्पष्ट आलं नसेल, पण आलं होतं. आणि मी हसून म्हणाले, "घे की. द्राक्षाचंच हाय. औषधाएवढी तर हाय."

त्यानं घेतली.

काही झालं नाही. तो नेहमीसारखा टोपली घेऊन माझ्याबरोबर परत आला, चहा प्याला, घरी गेला. मी मनाशी म्हणाले, बघ, उगाच घाबरत होतीस. पुढच्या शनिवारी बाईंनी विचारायच्या आधीच त्यानं ग्लास उचलला. त्याच्या पुढच्या शनिवारी दोनदा उचलला, आणि मी त्या वेळी टोपलीतल्या फडक्याची घडी करत होते. फडक्याच्या घड्या करायला किती वेळ लागतो? मी ते तीनदा उलगडलं आणि पुन्हा घडी घातली.

त्याच्याही पुढच्या शनिवारी तो आलाच नाही. पीठ फुगून परातीबाहेर आलं. मी त्याच्या घरी फोन केला, तर भावजय म्हणाली, "बाराला जेवून तुमच्याकडंच निघालेत की, वन्सं." मी चप्पल घातली. ती व्हॅन कुठं लावतात ते मला ठाऊक होतं, कारखान्याच्या रस्त्याला एक मोकळं मैदान आहे, तिथं. उन्हात व्हॅन उभी होती, काचा वर केलेल्या. तो मागच्या पोरांच्या बाकड्यावर आडवा होता. खाली देशीची बाटली, आणि बाजूला कुणा पोराची विसरलेली पाण्याची बाटली. दार उघडलं तर वासानं मी मागं सरले.

"आक्का," तो उठायची धडपड करत म्हणाला, "चालवली न्हाय मी. आईशप्पत चालवली न्हाय. पोरं घरी सोडल्यापासनं हितंच हाय गाडी."

"गप पड."

"किल्ली घे. माझ्याजवळ नगं ठेवू. सोमवारी पोरं हाईत."

पिऊन तर्र झालेल्या माणसाला सोमवार आठवत होता. मी किल्ली घेतली. सोमवारी त्यानं आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, ती किल्ली स्वतः मालकाला नेऊन दिली आणि सांगितलं, दुसरा ड्रायव्हर बघा. कारण काय ते त्यानं सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मालकानं न विचारता घेतली एवढं खरं.

मी ब्रेड बंद केला. बाईंनी का म्हणून विचारलं तर म्हटलं, खांदे दुखतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेलाची बाटली पाठवली, घरी काढलेल्या तेलाची. ती अजून कपाटात आहे, मी बूचही उघडलेलं नाही. त्या बाईंनी माझं काहीच वाईट केलं नव्हतं. मी त्यांना एक शब्द सांगितला असता तर त्यांनी ग्लास मागं घेतला असता, आणि पुन्हा कधी पुढे केला नसता.

भाऊ पीत राहिला. रोज नाही, पण पीत राहिला. आणि दीड महिन्यानं भावजय माझ्याकडं आली, हातात कागदांची चळत घेऊन. भागातल्या बायकांनी ठरवलं होतं: दुकान बंद करायचं. पुरेशा बायकांनी सह्या केल्या की सरकार फक्त बायकांचं मतदान घेतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली, एक आडवी. उभीवर शिक्का म्हणजे दुकान राहू दे, आडवीवर म्हणजे बंद. आमच्याकडच्या बायका नुसतं 'आडवी करायची' एवढंच म्हणतात, आणि सगळ्यांना कळतं.

"वन्सं, पहिली सही तुमची पायजे," ती म्हणाली. "तुमी त्यांना ब्रेड देत हुता. तुमचीच सही दिसली की बाकीच्या मागंपुढं बघायच्या न्हाईत."

मी पेन शोधायच्या निमित्तानं आत गेले. ती बाहेरून बोलत होती. "ह्यांनी मला सगळं सांगितलंय. म्हणाले, आक्काचं ध्यान न्हवतं तवा मीच गुपचूप उचलून घेतली. आक्काला कळलं तर जीव दिल, तिला कायबी बोलू नगं, म्हणत्यात." मग तिचा आवाज बदलला. "चुकले, पर खोटं न्हाय बोलले. तेवढ्यावरच मी हाय बघा, वन्सं. प्याले तर प्याले, पर माझ्याशी खोटं बोलत न्हाईत."

तेव्हाच सांगायला हवं होतं. स्वयंपाकघरात मी एकटी होते, बाहेर ती एकटी होती, मध्ये फक्त पडदा. मी पेन घेऊन बाहेर आले आणि पहिल्या ओळीत सही केली. तिनं माझे हात धरून कपाळाला लावले.

सह्या खऱ्या आहेत का ते तपासायला सरकारी माणसं शाळेच्या हॉलमध्ये बसली. सकाळपासून बायकांची रांग. ओळखपत्र दाखवायचं, सही करून दाखवायची, आणि एक साहेब प्रत्येकीला विचारत होते, सही तुमचीच का, कुणी जबरदस्ती केली का. भावजय माझ्या मागं उभी होती. माझ्या आधीच्या बाईनं जोरात सांगितलं, "जबरदस्ती कसली सायेब, माज्या दोन पोरांचं वाटोळं झालंय!" सगळ्या हसल्या, काही रडल्याही. मग माझी पाळी आली.

"सही तुमचीच?"

"माझीच."

"स्वखुशीनं केली?"

मी होय म्हणायला तोंड उघडलं आणि दुसरंच बाहेर आलं. "माझ्या भावाला पहिला घोट मी पाजला, सायेब. त्याला नको हुती. मीच घे म्हटलं."

  साहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "ते न्हाई विचारलं, बाई. स्वखुशीनं केली का, तेवढंच सांगा."

"व्हय."

त्यांनी माझ्या नावापुढं खूण केली. "पुढं."

मागून भावजय पुढं झाली. तिचा आवाज मला ऐकू आला: सही माझीच, स्वखुशीनं. मी दाराबाहेर थांबले. खरं सांगायचं तर मला हलकं वाटत होतं, आणि त्याची मला आता सगळ्यांत जास्त लाज वाटते. वाटलं होतं, ती शिव्या देईल, कदाचित मारेल, आणि मग रडून मोकळ्या होऊ.

ती आली आणि माझ्यापुढं उभी राहिली. "घरात सांगायचं हुतं की, वन्सं. पडद्यामागं हुता तवा. एवढ्या बायकांत सांगून मोकळ्या झालात. आता सगळ्या म्हणतील, केवढं मोठं मन हाय. मी काय करू? मला तर तुमच्याशी भांडताबी येत न्हाय."

मी काहीतरी बोलायला गेले. तिनं हात वर केला. "आणि ते माझ्याशी खोटं बोलले. तुमच्यासाठी. मला वाटत हुतं, तेवढं तरी हाय माझ्याकडं."

ती गेली. मतदान अजून व्हायचं आहे. बाटली आडवी होईल, उभी राहील, मला आता त्याचं काही वाटत नाही, आणि हे कुणाला सांगण्याची सोय नाही.

त्या दिवशी संध्याकाळी भावाचा फोन आला. "कशाला सांगितलंस आक्का?" तो म्हणाला. "मी निस्तरलं हुतं की ते. ती खिसे बघाय लागलीया आता. पोरीसमोर बघती." मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. मी त्याचे शब्द ऐकतच नव्हते. जीभ जड आहे का, अक्षर अडखळतंय का, आज प्यालाय का, एवढंच कान लावून तपासत होते. शुद्धीत होता. मी देवाचे आभार मानले, फोन ठेवला, आणि मग मला कळलं, की तो सगळा वेळ रडत होता.